सगळं जागच्या जागी, तरी तीनच तारे: एका उन्हाळी प्रेमकथेचं प्रकरण

"गोड आहे." "पटकन वाचून झाली." "सुट्टीत वाचायला बरी." एका कादंबरीच्या मसुद्यावर पहिल्या वाचकांकडून आलेले हे शेरे. कुणीही पुस्तक अर्धवट टाकलं नव्हतं आणि कुणीही ते मैत्रिणीला आवर्जून वाचायला दिलं नसतं. पाचपैकी किती तारे, या प्रश्नासमोर बहुतेकांनी तीन लिहिले होते. पुस्तकांना तारे देण्याचं संकेतस्थळ असलेल्या गुडरीड्सच्या स्वतःच्या मोजपट्टीवर दोन तारे म्हणजे ‘ठीक होतं’ आणि तीन म्हणजे ‘आवडलं’. वाचकांच्या व्यवहारात मात्र तीनचा भाव केव्हाच उतरलाय. तीन देणारा वाचक सहसा एवढंच सांगत असतो की पुस्तकाशी माझं काही भांडण नाही, पण नातंही जुळलं नाही.

लेखिका हिरमुसली होती. "यापेक्षा कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," ती म्हणाली, आणि त्यात तथ्य आहे. चिडलेला वाचक निदान कुठे दुखलं ते दाखवतो. इथे दुखतच नव्हतं, त्यामुळे संपादक म्हणून माझ्या हातात धरायला काही नव्हतं. पुस्तक अजून छापलेलं नाही, म्हणून नाव देत नाही.

कथा अशी. तळ्याकाठी शिडाच्या होड्या शिकवणारं उन्हाळी शिबिर. सतरा वर्षांची ती आणि सतरा वर्षांचा तो, दोघंही साहाय्यक प्रशिक्षक, आणि दोघांनाही सुट्टी संपता संपता मिळणारी मुख्य प्रशिक्षकाची एकच जागा हवी आहे. शिवाय जुनं वैर. गेल्या उन्हाळ्यात तिने नियम मोडून होडी बाहेर काढली, कुणीतरी तक्रार केली, तिचं पद गेलं. तक्रार त्यानेच केली असं ती धरून चालते. पुढे कळतं की त्याने केलीच नव्हती, तिसऱ्याच मुलाने केली होती. मग प्रेम, मग आणखी एक गैरसमज, ताटातूट, शेवटच्या रात्रीची शेकोटी, चुंबन.

एनिमीज टू लव्हर्स, म्हणजे आधी शत्रू आणि मग प्रेमी, या ट्रोपच्या, म्हणजे ठरलेल्या कथासूत्राच्या चाहत्याला जे जे लागतं ते सगळं यात होतं. टोमणे होते, पावसात बोटघरात अडकणं होतं, त्याचं जॅकेट तिच्या अंगावर होतं, बुडता बुडता पकडलेला हात होता. भाषा स्वच्छ, संवाद बोलके, होड्यांची माहिती पक्की. लेखिका स्वतः शीड हाकणारी आहे हे पानोपानी कळत होतं. कुठलाही भाग वेगळा काढून वाचला तर त्यात बोट ठेवण्याजोगं काही सापडेना.

वाचकांनी तक्रारी केल्या नव्हत्या असं नाही. शेवटाकडची ताटातूट ओढूनताणून आणलेली वाटते, हे जवळपास प्रत्येकाने लिहिलं होतं. मधला भाग रेंगाळतो, दोघांत केमिस्ट्री जाणवत नाही, हेही होतं. लेखिकेने त्यावर उपाय म्हणून ताटातुटीचं प्रकरण तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून पाहिलं होतं. काही फरक पडला नाही. पडणार नव्हताच. वाचक ज्या पानावर कंटाळतो त्या पानाबद्दल तक्रार करतो. बिघाड बहुतेक वेळा त्याच्या शंभर पानं आधी झालेला असतो.

तो बिघाड दाखवून दिला सोळा वर्षांच्या एका वाचक मुलीने. तिने समासात एवढंच लिहिलं होतं: "यांचं नक्की कशावरून वाजलंय? ते विसरायला झालं."

मोठ्या वाचकांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नव्हता, आणि हे मला फार बोलकं वाटलं. किशोरवयीनांसाठीची पुस्तकं फक्त किशोर वाचत नाहीत, हे आता जुनं झालं. २०१२ मध्ये अमेरिकेत बोकर या संस्थेने केलेल्या पाहणीत १२ ते १७ वयासाठी म्हणून छापलेल्या पुस्तकांच्या खरेदीदारांपैकी ५५ टक्के लोक १८ किंवा त्याहून मोठे निघाले होते. आमच्या वाचकगटातही दोन्ही वयं होती. मोठ्यांनी अशा डझनावारी कादंबऱ्या वाचलेल्या. पुस्तकावर ‘एनिमीज टू लव्हर्स’ लिहिलंय म्हणजे ही दोघं शत्रू असणारच, असं त्यांनी मनातल्या मनात मान्य करून टाकलं. लेखिकेने जे काम करायचं ते लेबलने केलं. त्या मुलीला लेबलाची सवय नव्हती. ती पानावर काय आहे तेवढंच वाचत होती, आणि पानावर वैर नव्हतं. पानावर फक्त चिडचिड होती.

फुकटात मिटलेलं भांडण

मसुद्यात वैराचं मूळ गैरसमज होता. गैरसमजाची अडचण अशी की तो दूर झाला की कुणालाच काही मोजावं लागत नाही. "म्हणजे तक्रार तू केलीच नव्हतीस?" ती विचारते. "मी सांगायचा प्रयत्न केला होता," तो म्हणतो. झालं. तिचं मत चुकीच्या माहितीवर उभं होतं, माहिती सुधारली, मत सुधारलं. तो पहिल्यापासून भलाच होता, ती पहिल्यापासून बरोबरच वागत होती. दोघांपैकी कुणी बदललं नाही, आणि वाचकाला पुढची दीडशे पानं नुसतं गोडगोड बघत बसावं लागलं. ताटातूट ओढूनताणून वाटली ती त्यामुळे. दोघांमध्ये खरा तिढाच उरला नसल्याने लेखिकेला नवा गैरसमज बाहेरून आणावा लागला होता.

या परंपरेतली सगळ्यात प्रसिद्ध कादंबरी, १८१३ ची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’, उघडून बघण्यासारखी आहे, कारण गैरसमज तिच्यातही आहे. पण फक्त तोच नाही. ६१ प्रकरणांच्या पुस्तकात नायक डार्सी पहिल्यांदा मागणी घालतो ती ३४ व्या प्रकरणात, आणि ३५ व्या प्रकरणात नायिका एलिझाबेथच्या हातात त्याचं पत्र येतं. डार्सीबद्दल खोटंनाटं सांगणाऱ्या विकमच्या बाबतीत ती चुकली होती, हे त्या पत्रातून कळतं. हा झाला गैरसमज. पण तिच्या बहिणीचं जुळत आलेलं लग्न आपण मोडायला लावलं, हे डार्सी त्याच पत्रात कबूल करतो. तो आरोप खराच होता. आणि तिच्या घरच्यांच्या वागण्याबद्दल तो जे लिहितो ते झोंबतं, कारण तेही बऱ्याच अंशी खरं आहे. पुढचं अख्खं ३६ वं प्रकरण ती पत्र पुन्हा पुन्हा वाचण्यात आणि स्वतःची लाज वाटण्यात जातं. दोघांनाही स्वतःबद्दलचं काहीतरी सोडून द्यावं लागतं, आणि उरलेलं अर्धं पुस्तक त्या सोडण्यावर चालतं.

शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये तर सतत एकमेकांना टोमणे मारणाऱ्या बिएट्रिस आणि बेनेडिक यांना मित्रमंडळींनी चक्क फसवून प्रेमात पाडलंय. एवढ्यावर नाटक थांबलं असतं तर तेही तीन ताऱ्यांचंच. पण चौथ्या अंकात प्रेमाची कबुली झाल्या झाल्या ती त्याच्याकडे एक गोष्ट मागते: माझ्या चुलत बहिणीची भर लग्नात बदनामी करणाऱ्या तुझ्या मित्राला, क्लॉडिओला, ठार मार. आधी तो नाही म्हणतो, मग क्लॉडिओला द्वंद्वाचं आव्हान द्यायला तयार होतो. प्रेम खरं की लुटुपुटूचं, हे त्या मागणीने ठरतं.

आपल्या मसुद्यात कुणी कुणाकडे काहीच मागत नव्हतं.

लेखिकेला कशाची भीती वाटत होती

हे ती सहज करू शकली असती, इतकी ती हुशार आहे. मग तिने वैर पातळ का केलं? विचारल्यावर तिने दिलेलं उत्तर मला मान्य करावंसं वाटलं. "हे पुस्तक चौदा वर्षांची मुलगी वाचेल. छळणारा मुलगा म्हणजे मनातून प्रेम करणारा मुलगा, असं मला तिला सांगायचं नाही."

बरोबर आहे. या ट्रोपचा सगळ्यात मोठा दोष तोच. नायक चारचौघांत अपमान करतो, पाळत ठेवतो, धमकावतो, आणि नंतर एखादी दुःखी बालपणाची गोष्ट सांगून सगळं माफ करून घेतो. तशा पुस्तकांना वाचक कमी नाहीत, पण सोळा वर्षांच्या वाचकासाठी लिहिणाऱ्याने त्यापासून लांब राहावं असंच माझं मत आहे. घोळ पुढे झाला. नायक गुंड नको, म्हणून लेखिकेने त्याला शत्रूच होऊ दिलं नाही. विरोध करणं आणि पाणउतारा करणं यांत अंतर आहे. जो तुमच्याविरुद्ध उभा राहतो, पण तुम्हाला माणूस म्हणून कमी लेखत नाही, त्याच्याशी कडवं वैर होऊ शकतं आणि त्याच्या प्रेमातही पडता येतं. आम्हाला असा मुलगा हवा होता की जो तिच्या आड येईल आणि आड येताना स्वतःच्या जागी बरोबर असेल.

म्हणून सुचवलं ते असं: तक्रार त्यानेच केली होती असं ठेवा.

लेखिका आठवडाभर गप्प होती. मग तिने गेल्या उन्हाळ्याचा प्रसंग नव्याने मांडला. संध्याकाळची वेळ, वारा वाढलेला, पाण्यावर जायची बंदी जाहीर झालेली. एक लहान मुलगा होडीसकट बोरूच्या बेटाकडे वाहत चाललाय. सुरक्षा-बोट दुसऱ्या टोकाला. ती कुणालाही न विचारता एकटी शीड उभारते, जाते, मुलाला घेऊन येते. तो किनाऱ्यावर आहे. त्या दिवशीची नोंदवही त्याच्याकडे आहे. तो जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो: बंदी असताना एकटीने होडी काढली. तिचं पद जातं. तिच्या बाजूने पाहिलं तर थांबली असती तर मुलगा सापडला नसता. त्याच्या बाजूने पाहिलं तर ती उलटली असती तर पाण्यात दोन माणसं आणि बाहेर काढायला कुणी नाही, आणि नोंदवहीत खोटं लिहायला लागलं तर पुढच्या खेपेला त्या वहीवर विश्वास कुणी ठेवायचा. दोघांचंही खरं. आता हे मिटवायला कुणीतरी येऊन खरी माहिती सांगण्याचा उपयोग नाही. खरी माहिती दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक आहे.

त्याच्या मनातलं आधीच कळलं

दुसरा दोष रचनेतला. मसुदा एक प्रकरण तिच्या तोंडून, एक त्याच्या तोंडून, असा आलटून पालटून प्रथमपुरुषी होता. या प्रकारात हल्ली ही पद्धत इतकी रुळलीय की लेखक दुसरा विचारच करत नाहीत. पण तिचे परिणाम बघा. दुसऱ्याच प्रकरणात तो मनात म्हणतो, "तिचे केस उन्हात तांबूस दिसतात, आणि मला ते दिसायला नको होते." संपलं. पुढे तो कितीही तिरकस बोलला तरी वाचकाला गुपित माहीत आहे. तिला मात्र माहीत नाही, त्यामुळे शंभर पानं आपण तिला ते कधी कळतंय याची वाट बघतो, आणि हळूहळू हुशार मुलगी मठ्ठ वाटायला लागते. ‘केमिस्ट्री जाणवत नाही’ या शेऱ्याचं मूळ मला इथे दिसलं. जिथे वाचकाने अंदाज बांधायचा तिथे त्याला आधीच उत्तर हातात दिलं होतं.

१९६५ मध्ये एलियट ॲरन्सन आणि डार्विन लिंडर या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. त्यात भाग घेणाऱ्या विद्यार्थिनीला, दुसरी व्यक्ती आपल्याबद्दल काय बोलते, हे भेटीमागून भेटी ऐकायला मिळे. पहिल्यापासून स्तुती करणाऱ्या व्यक्तीपेक्षा आधी नावं ठेवून मग चांगलं बोलू लागलेली व्यक्ती तिला जास्त आवडली. एनिमीज टू लव्हर्सचं सगळं गणित यात आहे म्हटलं तरी चालेल. ॲरन्सनने पुढे एक अटही सांगितली: मत हळूहळू बदलायला हवं, एकदम उलटलं तर समोरच्याला संशय येतो. आमच्या मसुद्यात तिच्यासाठी बदल एका रात्रीत होत होता, आणि वाचकासाठी होतच नव्हता, कारण त्याचं मत दुसऱ्या प्रकरणापासून चांगलंच होतं.

पहिला अर्धा भाग फक्त तिच्याकडून सांगायचा आणि त्याचा आवाज नंतर आणायचा, असं ठरलं. त्याची सात प्रकरणं गेली. त्यातली दोन खरंच सुंदर होती. लेखिकेला ती काढताना जड गेलं, आणि मलाही.

नुसतं एकत्र कोंडून भागत नाही

बोटघरातला पाऊस हा मसुद्याचा मध्यबिंदू होता. दोघं अडकतात, गारठतात, बोलतात, जवळ येतात. फोर्स्ड प्रॉक्सिमिटी, म्हणजे दोघांना नाइलाजाने एकत्र राहावं लागणं, म्हणून वाचक याची वाट बघत असतात, तरी या प्रसंगाबद्दल एकाही वाचकाने एक ओळ लिहिली नव्हती.

इथे मला उन्हाळी शिबिरातलाच एक जुना प्रयोग आठवला. १९५४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरिफ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह स्टेट पार्कमध्ये अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर भरवलं. दोन गट केले, ईगल्स आणि रॅटलर्स, आणि स्पर्धा लावून त्यांच्यात हाडवैर होऊ दिलं. मग समेटाचे प्रयत्न. आधी नुसतं एकत्र आणून पाहिलं: एकत्र जेवण, एकत्र सिनेमा. मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. वैर निवळू लागलं ते पुढे, जेव्हा शिबिराचं पाणी बंद पडलं आणि कारण सगळ्यांनी मिळून शोधावं लागलं, जेव्हा बंद पडलेला ट्रक सगळ्यांनी रस्सीखेचीच्या दोराने ओढला. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, मुलांना झुंजवण्यात मोठ्यांचाच हात होता, वगैरे. ती रास्तही आहे. पण कादंबरीकाराने त्यातून उचलण्यासारखं आहेच. एका छताखाली कोंडल्याने माणसं फक्त जवळ बसतात.

बोटघर गेलं, आणि त्या जागी उलटलेली होडी आली. शिकाऊ मुलांना दाखवण्यासाठी दोघांना मुद्दाम होडी पाडून सरळ करायची आहे. यात कामं वाटलेली असतात. आधी मोठ्या शिडाची दोरी मोकळी करायची, नाहीतर होडी उठता उठता वारा धरते आणि पुन्हा आडवी होते. मग एकाने वळसा घालून पलीकडे जायचं, तळातून बाहेर आलेल्या डॅगरबोर्डच्या फळीवर चढून अंगाचं वजन टाकायचं. दुसऱ्याने अलीकडे, बसायच्या बाजूला, पाण्यात तरंगत राहायचं, होडीला लोंबकळायचं नाही. होडी उठताना ती त्याला अलगद आत उचलून घेते. दोघांच्या मधे अख्खी होडी. एकमेकांचं तोंड दिसत नाही, फक्त आवाज येतो.

नव्या मसुद्यातला तो तुकडा असा:

"दोरी मोकळी आहे?"

"आहे."

"नक्की?"

"लेखी देऊ का? तुला वहीत लागतं ना सगळं."

पलीकडून काही ऐकू आलं नाही. फळीवर पाय टेकल्याचा आवाज, मग श्वास.

"हो, मी लिहिलं होतं. परत तशीच वेळ आली तर परत लिहीन." आणि मग, त्याच सुरात, "लोंबकळू नकोस, उचलतोय."

पहिल्या मसुद्यात याच जागी "तू अजून तितकाच घमेंडी आहेस" आणि "तू अजून तितकीच चिडकी" असं चाललं होतं. ते बॅंटर, म्हणजे टोमण्यांची देवाणघेवाण, कुठल्याही दोन पात्रांच्या तोंडी घालता आलं असतं. नव्या तुकड्यातला ‘वहीत’ हा शब्द मात्र याच दोघांच्या कामाचा. आणि तिला राग आलेला असतानाच त्याच्यावर विसंबून हात सोडावे लागतात. चुंबन इथून ऐंशी पानं लांब आहे, तरी दुसऱ्या फेरीच्या वाचकांनी सगळ्यात जास्त खुणा केल्या त्या या पानावर.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. सुट्टीतल्या प्रेमकथेला कालमर्यादा आयतीच मिळते, पण मसुद्यात उन्हाळा नुसती सजावट होता: ऊन, तळं, शेकोटी. कथेतल्या घटना कॅलेंडरवर मांडल्या तेव्हा मधे जवळपास तीन आठवडे काहीच घडत नव्हतं असं दिसलं. ‘मधला भाग रेंगाळतो’ तो हा. निवडीच्या चाचण्या त्या मोकळ्या आठवड्यांत पसरल्या, एवढंच केलं.

दुसरी फेरी

दुसऱ्यांदा वाचकांकडून आलेले कागद आधीपेक्षा जाड होते. एकीने लिहिलं की असा नोंदवहीवाला मुलगा तिला कधीच आवडणार नाही आणि नायिकेने त्याला माफ करायला नको होतं. दुसऱ्या एकाने त्याच्या बाजूने दीड पान वकिली केली. त्या सोळा वर्षांच्या मुलीने या वेळी समासात नायिकेशीच भांडण काढलं होतं: बंदी असताना गेलीस ते चूकच होतं, कबूल का करत नाहीस? तारे वर-खाली झाले. काहींनी पहिल्यापेक्षा कमी दिले. लेखिकेचा चेहरा ते कमी दिलेले बघून पडला, माझा नाही. तीन तारे देऊन गप्प बसलेल्या वाचकापेक्षा दोन तारे देऊन पानभर भांडणारा वाचक मला कधीही चालेल, कारण तो पुस्तकात शिरलेला असतो.

शेवटची ताटातूट आता जवळजवळ आपसूक लिहिली गेली. मुख्य प्रशिक्षकाची जागा कुणाला द्यावी, याबद्दल त्याला मत विचारलं जातं, आणि तो पुन्हा एकदा खरं तेच सांगतो. वेगळा गैरसमज आणावा लागला नाही. ‘ओढूनताणून’ हा शब्द दुसऱ्या फेरीत कुणी वापरला नाही.

सगळं सुधारलं असं मात्र नाही. त्याचा आवाज उशिरा येत असल्याने त्याची पहिली दोन प्रकरणं अजून घाईची वाटतात. इतकी पानं दाबून ठेवलेलं सगळं तो एकदम सांगायला लागतो. आणि उपसंहारावर आमचं अजून एकमत नाही. एक वर्षानंतर दोघं एकाच महाविद्यालयात, एकाच होडीत, सुखात. माझ्या मते ही चार पानं कापावीत. सुट्टी संपते तिथे पुस्तक संपलेलं बरं. लेखिका म्हणते, प्रेमकथेच्या वाचकाला एवढं देणं लागतं. शिवाय दुसऱ्या फेरीतल्या बऱ्याच जणांना तो आवडला, हा तिचा मुद्दा मला खोडता येत नाही. तूर्त तो मसुद्यात आहे.